सोमवारची बाटली

४ फेब्रुवारी, मंगळवार
८८० ग्रॅम

या वहीत आजवर मी फक्त काट्यांचे दोष लिहीत आलो. कोणत्या दुकानाचा काटा, किती जास्त दाखवतो, किती कमी, काय दुरुस्त केलं. मागची पानं कोरी पडली होती. ती आता या कामाला लावतो.

काल दुपारी लेक बाळंत झाली. मुलगी. पोटात सत्तावीस आठवडे राहिली, तेरा आठवडे आधी आली. लेक बरी आहे. मुलगी काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, बेंबीत नळी, पायाला लाल दिव्याची पट्टी. मला दोन मिनिटं आत सोडलं. त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा मोजता याव्यात. अंग लालबुंद, डोक्यावर काळ्याभोर केसांचा एक ठिपका. पूर्वीचे सोनार सोनं तोलायला गुंजेचं बी वापरत, ते असंच असतं, लाल आणि माथ्यावर काळं. मी बाहेर येऊन हिला म्हटलं, "गुंज आहे गुंज." ही रडता रडता म्हणाली, "तुम्हाला तिथेही वजनच दिसलं का हो?"

घरी येऊन माझी वजनांची पेटी उघडली. पाचशेचं, दोनशेचं, शंभराचं, पन्नासचं, वीसचं, दहाचं. सहा वजनं ओंजळीत धरली. तेवढी ती.

देवाला हात जोडले. काय मागायचं ते नीट सुचलं नाही.

७ फेब्रुवारी
८३० ग्रॅम

वजन उतरतंय. डॉक्टरबाई म्हणतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच उतरतं, अंगातलं पाणी जातं. या डॉक्टरबाई बारीक चणीच्या, चाळिशीच्या असतील. चालता चालता बोलतात. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही चालावं लागतं.

आज त्यांनी लेक आणि जावयाकडून एका कागदावर सही घेतली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तात वाढीचे हार्मोन किती असतात, याचा अभ्यास चालू आहे. आठवड्यातून एकदा थोडं रक्त घेणार. मला ते पटलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर, हिच्या अंगात रक्त किती?"

"सत्तरेक मिलिलिटर."

म्हणजे अर्धा कप. त्यातून काढायचं? त्या थांबल्या. पहिल्यांदाच त्यांना थांबलेलं पाहिलं. म्हणाल्या, "आजोबा, वेगळं टोचत नाही. नेहमीच्या तपासणीतलं जे उरतं, तेच चार थेंब. एरवी टाकूनच देतो."

जावई शिकलेले आहेत, त्यांनी आधीच सगळं वाचलं होतं. मला हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. माझी हिंमत झाली नव्हती."

१० फेब्रुवारी, सोमवार
८०५ ग्रॅम

डॉक्टरबाईंबरोबर जिना उतरताना मी विचारलं, वाढीचं हार्मोन बाहेरून टोचता येतं म्हणतात, मग हिला का देत नाही? त्या म्हणाल्या, "तिच्याकडे ते भरपूर आहे."

मी चक्रावलो. मग त्यांनी खालच्या मजल्यावर औषधाच्या खोक्याच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. मला समजलं ते असं. डोक्यात हरभऱ्याएवढी एक गाठ असते. ती वाढीचं हार्मोन सोडते, म्हणजे हुकूम सोडते, वाढा. तो हुकूम पोचतो काळजापाशी, म्हणजे यकृतापाशी. यकृताने तो ऐकून दुसरा एक पदार्थ तयार करायचा. खरी वाढ तो दुसरा पदार्थ करतो. पोटात असताना या सगळ्याची फारशी गरज नसते. आईचं अन्न वारेतून येतं आणि त्याच्या जोरावर तो पदार्थ बाळाच्या अंगात आपसूक बनत राहतो. बाळ लवकर बाहेर आलं की वार तुटते आणि तो पदार्थ एकदम खाली येतो. डोक्यातली गाठ मात्र हुकूम सोडतच राहते. मोठ्या माणसापेक्षाही जास्त.

"म्हणजे मालक ओरडतोय आणि कारखान्यात अजून कामगारच आलेले नाहीत," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आणि कामगार जेवल्याशिवाय येत नाहीत."

"मग तो दुसरा पदार्थच द्या ना."

"जगात करून पाहतायत. अजून धड हो नाही, धड नाही नाही. आपल्या हातात आईचं दूध आहे, ऊब आहे, आणि रोजचं वजन. रक्ताचा अहवाल यायला आठवडे लागतात. वजन रोज कळतं. माझ्यासाठी तोच अहवाल."

ते खोकं मी मागून घेतलं. या वहीत ठेवलं आहे.

माझंही रोज हेच चाललंय. सकाळी हात जोडतो आणि म्हणतो, वाढव. हुकूम सोडणं सोपं आहे.

१५ फेब्रुवारी
८७० ग्रॅम

आज पहिल्यांदा गुंजेला पेटीतून काढून लेकीच्या छातीवर ठेवलं. उघड्या अंगावर, वरून पांघरूण. तासभर. यंत्रावर श्वासाची रेघ सरळ चालू लागली. सिस्टर म्हणाल्या, "बघा, आम्ही एवढी औषधं देतो आणि श्रेय आईला."

आमच्या पहिल्याच्या वेळी असं काही नव्हतं. सव्वीस वर्षं झाली. सातव्या महिन्यात झाला होता. गावात तान्ह्याचा काटा नव्हता, म्हणून किराणा दुकानातला आणला. दुकानदार म्हणाला, दोन किलो, ठणठणीत आहे, शहरात कशाला नेता. तिसऱ्या दिवशी गेला. ते इथे लिहायचं कारण नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
९५० ग्रॅम

गेल्या सोमवारी ८९०, आज ९५०. साठ ग्रॅम. डॉक्टरबाईंनी तोंड जरा वाकडं केलं, "अजून थोडं हवं होतं, पण चाललंय." ही घरोघर फोन करून सांगते आहे. जिला सांगितलं तिलाच परत सांगते.

आईचं दूध नळीने जातं. तीन तासांनी तेरा मिलिलिटर. सिस्टर ते सिरिंजमध्ये धरून उंच करतात आणि आपोआप उतरू देतात, दाबत नाहीत. मी विचारलं, दाबत का नाही? "पोट म्हणजे काय फुगा आहे का आजोबा?" या तरुण सिस्टर फटकळ आहेत, पण हात हलका आहे. काट्यावर ठेवतानाही बाळाला कळत नाही असं ठेवतात.

३ मार्च, सोमवार
१०२० ग्रॅम

किलो ओलांडला. लेकीने मला फोनवर नुसतं "बाबा, चार आकडी!" एवढंच सांगितलं आणि हसत सुटली. महिन्याने हसली.

आज डोळ्यांचे डॉक्टर आले होते. उंच, वयस्कर, खिशात टॉर्च. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर शिरा पूर्ण पसरलेल्या नसतात. गुंजेच्याही नाहीत, पण आत्ता वाईट काही नाही, दोन आठवड्यांनी पाहू म्हणाले.

डोळ्याचा आणि वजनाचा काय संबंध, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. फार नवल वाटलं. तोच दुसरा पदार्थ, जो हिचं यकृत अजून बनवत नाही, तो डोळ्यातल्या शिरांनाही लागतो. तो नसला की शिरा वाढायच्या थांबतात. पडदा उपाशी राहतो. मग काही आठवड्यांनी तो पदार्थ वाढू लागतो, आणि थांबलेल्या शिरा एकदम, वेड्यावाकड्या, जिथे जायचं नाही तिथे जातात. पडदा ओढून काढतात. मूल आंधळं होतं.

"म्हणजे आधी उपासमार आणि मग लोंढा," मी म्हटलं.

"हो. म्हणून ज्याचं वजन सुरुवातीला नीट चढत नाही, त्याचे डोळे आम्ही जास्त वेळा बघतो. वजन सांगतं कोणाला धोका आहे."

"आणि हिचं?"

"काठावर आहे. पण चढतंय."

आणखी एक गोष्ट दिसली. वजन केल्यावर सिस्टरनी गुंजेला उचललं, तेव्हा काट्याचा आकडा शून्यावर लगेच आला नाही. ३ वर रेंगाळला, मग २, मग शून्य. चांगला काटा असं करत नाही.

६ मार्च
१०४५ ग्रॅम

काट्याचं बोललो. फटकळ सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, हे किराणा दुकान नाही. आमच्या काट्याला नजर लावू नका."

मी म्हटलं, "मी तुमच्या कामात खोट काढत नाही सिस्टर, फक्त तपासून बघू द्या."

"त्याचा माणूस वेगळा आहे. वर्षातून एकदा येतो. मुदत अजून संपलेली नाही."

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही तिथे आजोबा म्हणून जा. कामाची पिशवी इथेच ठेवत जा." पिशवी नेतच नाही मी. फक्त एक किलोचं वजन कोटाच्या खिशात असतं. ते नेहमीच असतं.

१० मार्च, सोमवार
१०९० ग्रॅम

आज मोठ्या सिस्टर कामावर होत्या. पन्नाशीच्या, सगळ्या त्यांना मोठ्या सिस्टर म्हणतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं, काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाच मिनिटं. हात कोपरापर्यंत धुवा. वजनही धुवा."

वजन स्पिरिटने पुसलं. आयुष्यात प्रथम डोक्यावर टोपी घालून काम केलं. हात जोडले, ठेवलं.

१०९४.

किलोला चौऱ्याण्णव ग्रॅम. मंडईतल्या काट्यावरही इतका दोष मी वर्षानुवर्षं पाहिला नाही. तीनदा ठेवलं. १०९४, १०९३, १०९४. खालचं झाकण काढलं. हा काटा दर वजनानंतर निर्जंतुक करायला फवारून पुसतात. ते पाणी फटीतून झिरपून वजन पेलणाऱ्या पट्टीपर्यंत गेलं होतं. कोरडं केलं, फट बंद केली, वजन ठेवून आकडा परत बसवला. १०००. काढलं, शून्य. झटकन. फार समाधान वाटलं. दुकानात करतो तशी तारीख घालून सहीची चिठ्ठी लावली, ताटलीच्या खाली, जिथे लावायची असते तिथे.

तेवढ्यात भेटीची वेळ संपली. मोठ्या सिस्टर एका बाळाच्या श्वासाकडे धावल्या होत्या. मी दारातून म्हटलं, "झालं, काटा खरा झाला." त्यांनी हात केला.

११ मार्च
१००० ग्रॅम



सकाळी आठला लेकीचा फोन. "बाबा, नव्वद ग्रॅम! एका दिवसात नव्वद ग्रॅम कमी! ते म्हणतात आतड्याला काही झालं असेल, दूध बंद केलंय. बाबा, ती जाणार का?"

मला त्याच क्षणी कळलं. आणि मी लगेच बोललो नाही. "येतो" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर पाऊण तास नाही, पण पाव तास मी खुर्चीत बसून होतो. इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला वाटलं, काटा मी दुरुस्त केला हे कोणाला ठाऊकच नसेल तर? मग मला माझीच शिसारी आली आणि मी वॉर्डात फोन लावला.

तोपर्यंत डॉक्टरबाई पोचल्या होत्या. त्या खोलीत सहा बाळं आहेत. सहाही एकाच सकाळी उतरली होती. त्यांनी विचारलं होतं, "सहाजण मिळून संप करतात का? काट्याला कोणी हात लावला?" सकाळच्या सिस्टरना ठाऊक नव्हतं. चिठ्ठी ताटलीखाली होती. बाळाच्या काट्याची ताटली उलटून कोण बघतं? दुकानात तपासनीस बघतो. इथे तपासनीस नसतो, इथे आई असते.

गुंजेच्या टाचेला दोनदा टोचलं. पोटाचा फोटो काढला. एक वेळचं दूध चुकलं. आणखी दोन बाळांनाही टोचलं.

मी पोचलो तेव्हा लेक बाकावर बसली होती. म्हणाली, "तुमच्या हातात एक स्क्रू आला की तुम्हाला माणसं दिसत नाहीत, बाबा." मग म्हणाली, "आता तुम्ही थोडे दिवस येऊ नका."

धंद्यातला पहिला नियम मी लोकांना शिकवत आलो. आधी सापडलेला दोष मालकाला दाखवायचा, त्याच्यासमोर लिहायचा, मगच हात लावायचा. मी तो फक्त माझ्या खिशातल्या वहीत लिहिला.

१२ मार्च
(वजन विचारायला तोंड नव्हतं.)

डॉक्टरबाईंनीच बोलावलं. मला वाटलं, रागावतील. रागावल्याही. "सहा आयांचा जीव तुम्ही काढलात." मग खुर्ची पुढे ओढली. "आता सांगा. हा काटा किती दिवसांपासून जास्त दाखवत होता?"

मी सांगितलं, काटा मागचं सांगत नाही. तो फक्त आजचं सांगतो. पाणी हळूहळू झिरपलं असेल तर दोषही हळूहळू वाढला असेल. पण किती, ते सांगता येणार नाही.

"म्हणजे माझे महिन्याचे सगळे आकडे गेले." त्या काचेकडे बघत म्हणाल्या. "औषधांचे डोस, दूध, डोळ्यांच्या तारखा. सगळं त्या आकड्यांवर चालतं."

मोठ्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोमवारची बाटली आहे ना."

कोणालाच कळलं नाही. त्यांनी काट्यामागचा एक खिळा दाखवला. त्यात ओवलेली कार्डं. मोठ्या सिस्टर नोकरीत नव्या होत्या तेव्हा त्यांच्या वरच्या सिस्टरनी घालून दिलेली ही शिस्त. दर सोमवारी सलाइनची एक बंद बाटली काट्यावर ठेवायची, आकडा कार्डावर लिहायचा, कार्ड खिळ्याला. बाटली कपाटात वेगळी, कधी न उघडलेली. "लिहायचं म्हणून आम्ही लिहितो. दर आठवड्याला नवं कार्ड. मागचं कोण बघतं?"

मी कार्डं टेबलावर ओळीने मांडली. ३ फेब्रुवारी, ५३०. दहा तारखेला ५३२. सतराला ५३७. चोवीसला ५५०. ३ मार्चला ५६५. परवा मी येण्याआधी, ५८०. सहा कार्डं, पाच वेगवेगळ्या हातांची अक्षरं.

मग बाटली मागवली आणि दुरुस्त काट्यावर ठेवली. ५३०.

मी आयुष्यभर काटे पाहिले. काट्याने आपणहून लिहिलेला कबुलीजबाब पहिल्यांदा पाहिला.

जावई तिथेच होते. त्यांनी मोबाइलवर भागाकार केले, मी कागदावर केले, दोघांचे आकडे जुळले. गुंज ३ मार्चला १०२० नव्हतीच, ९५७ होती. किलो ओलांडला म्हणून लेक हसली होती, तेव्हा ओलांडला नव्हता. आठवड्याला साठ-सत्तर नाही, चाळीस ग्रॅमने चढत होती.

डॉक्टरबाईंनी कार्डं एकेक करून पुन्हा पाहिली. "ही काठावर नव्हती," त्या म्हणाल्या, "ही खाली होती." आणि फोन उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं, सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच या. इतर पाचांच्याही फायली काढल्या. एक बाळ वाढीव आकड्यावर जास्त औषध घेत होतं, त्याचा डोस तिथल्या तिथे बदलला.

१४ मार्च
१०१५ ग्रॅम

कालच्या तपासणीत डोळ्यांत बदल दिसला. उपचार लागेल असा अजून नाही, पण आता आठवड्यातून दोनदा बघणार. त्याच दिवशी रक्ताचा फेब्रुवारीचा अहवाल आला. तो दुसरा पदार्थ फार कमी. कार्डांनी जे सांगितलं, तेच रक्ताने सांगितलं. दूध आता जास्त कसदार करून देतात, त्यात पूड मिसळतात.

मी खोलीत जात नाही, बाहेर बाकावर बसतो. आतून आवाज येतात. ही लेकीला सांगत होती. "तुझ्या आधीचा गेला ना, तेव्हा बाराव्या दिवशी हे त्या दुकानात गेले. गुपचूप काटा तपासला. किलोला पाव किलो जास्त दाखवत होता. कोणाला काही बोलले नाहीत. त्याच महिन्यात शेती सोडून काटेवाल्याकडे शिकायला राहिले. ते खिशातलं वजन तेव्हापासून आहे. मला आजवर वाटायचं, तुला ठाऊक असेल."



हिला असं का वाटतं, कळत नाही. शेती सोडली कारण विहीर आटली होती. वजन खिशात ठेवतो ते धंद्याची सवय म्हणून. एवढं मात्र खरं की दुकान तपासलं होतं.

१५ मार्च
१०३५ ग्रॅम

लेकीने जावयांच्या हाती निरोप धाडला. "बाबांना म्हणावं, बाकावर नुसते बसून राहू नका. चारला आत या."

तिने गुंजेची टाच दाखवली. टोचल्याचे डाग पुसट झालेत.

२० मार्च
११७० ग्रॅम

वजन झपाट्याने चढतंय. दिवसाला पंचवीस, तीस. सगळे खूश. आणि मी घाबरलो. आधी उपासमार, मग लोंढा, असं मीच म्हटलं होतं ना? आता तो पदार्थ वाढत असणार, म्हणजे डोळ्यांतल्या शिरा सुटणार. आयुष्यात पहिल्यांदा काट्याला म्हटलं, हळू.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा तर्क बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. डोळ्यांसाठी तिला उपाशी ठेवायचं? मेंदू कशाने वाढेल? वाढू द्यायचं आणि बघत राहायचं. एवढंच आहे आपल्याकडे."

वाढू द्यायचं आणि बघत राहायचं. देवासमोर आज हेच म्हटलं. मागितलं काही नाही.

२४ मार्च, सोमवार
१२८५ ग्रॅम

आज बाटली मी ठेवली. ५३०. मोठ्या सिस्टरनी कार्डाऐवजी आता एक मोठा तक्ता केला आहे, सगळे सोमवार एकाखाली एक. फटकळ सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या नातीपेक्षा तुमची बाटलीच जास्त लाडकी दिसते." मी म्हटलं, "बाटली रडत नाही."

दुपारी डोळ्यांचे डॉक्टर आले. बराच वेळ लागला. बाहेर येऊन म्हणाले, दोन्ही डोळ्यांत शिरा सुटल्या आहेत, उद्याच लेझर करायचं. एका आठवड्याचीही सवड नाही.

जावयांनी विचारलं, "पहिल्या हिशोबाने सतरा तारखेनंतर तुम्ही पुढचे कधी आला असतात?"

"एकतीसला."

"आणि एकतीसला आला असतात तर?"

त्यांनी टॉर्च खिशात ठेवली. "तो प्रश्न विचारू नका. आपण आज आलोय."

लेक माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, ते वजन काढलं, आणि तिथेच मुठीत धरून बसली.

२५ मार्च
वजन केलं नाही.

दीड तास. आम्ही चौघं बाकावर. लेझरने पडद्याचा कडेचा उपाशी भाग भाजतात, म्हणजे तो मागणी करायचा थांबतो आणि शिरा धावायच्या थांबतात. कडेचं थोडं दिसणं जातं, मधलं राहावं म्हणून. ऐकायला क्रूर वाटतं. झाडाच्या फांद्या छाटतात तसं आहे का, विचारायचं होतं, पण डॉक्टर थकलेले दिसले.

लागू पडलं की नाही, ते आठवड्याने कळणार.

३१ मार्च, सोमवार
१४६० ग्रॅम

एका डोळ्यातल्या शिरा मागे हटल्या आहेत. दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही. "बघत राहू." सगळे हेच म्हणायला शिकलोत.

७ एप्रिल, सोमवार
१६५० ग्रॅम

दुसराही. पडदा जागेवर आहे.

मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे ती बघेल? ते म्हणाले, "डोळा ठीक आहे. बघणं हे डोळ्याच्या मागे असतं. ते तीच दाखवील."

२१ एप्रिल, सोमवार

आज घरी आणली.

सकाळी मोठ्या सिस्टरनी मलाच काटा तपासायला सांगितला. आयांच्या समोर, सगळ्यांना दिसेल असं. आधी बाटली, मग माझं किलोचं वजन. आकडा मोठ्याने वाचला, फटकळ सिस्टरनी तक्त्यावर लिहिला, लेकीने खाली सही केली. चिठ्ठी आता ताटलीखाली नाही, भिंतीवर आहे.

गुंज लेकीच्या मांडीवर होती, खिडकीपाशी. नळ्या नाहीत. तोंडाचा एवढासा चंबू. मी वजन काट्यावरून उचलून पुसत होतो, आणि खिडकीचा उजेड त्याच्यावर पडला. पोलादाचं आहे, रोज पुसून आरशासारखं झालंय. मी ते तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरलं.

ती थांबली. हातपाय हलायचे थांबले.

मी वजन हळूच डावीकडे नेलं. डोळे डावीकडे आले. अडखळत, मधेच सुटले, पुन्हा आले. उजवीकडे नेलं. उजवीकडे आले.

एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो. तीनदा केलं. तीनही वेळा आले.

"अहो, पुरे," ही म्हणाली, "दमेल पोर." लेक म्हणाली, "आई, बघू दे गं बाबांना." मग सिस्टरनी गुंजेला काट्यावर ठेवलं, आकडा वाचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अजून डोळ्यांकडेच बघत होतो.

घरी येऊन वही उघडली तेव्हा ध्यानात आलं, आकडा मी ऐकलाच नाही. लेकीला ठाऊक असेल. दोघी झोपल्या आहेत, उठवत नाही.